झाडीच्या जमिनीसाठी ट्रॅक्टर: वजन आणि रुंदी आधी, एचपी नंतर

पाच-दहा एकरांची जमीन, निम्म्याहून जास्त झाडीखाली. कामं ठरलेली: पडलेली झाडं बाहेर ओढायची, वाटा मोकळ्या ठेवायच्या, झुडपं मारायची, फांद्यांचा चुरा करायचा, सरपण फोडायचं, अधूनमधून खडी नाहीतर माती पसरायची. एवढ्यासाठी ट्रॅक्टर घेताना बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो किती एचपीचा घेऊ, हा. झाडीत हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या नंबरचा आहे. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन किती, तो किती रुंद, आणि त्याचा लोडर, म्हणजे पुढचे उचलणारे हात, किती उचलतो, या तीन आकड्यांवर झाडीतलं ऐंशी टक्के काम चालतं किंवा अडतं. एचपी लागतो तो प्रामुख्याने पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, चालणाऱ्या अवजारांना, आणि तिथेही इंजिनाचा नव्हे, पीटीओचा एचपी.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा कुबोटा या जपानी कंपनीच्या दोन मालिकांत मिळतो. बीएक्स-२३८० हा सब-कॉम्पॅक्ट, म्हणजे सगळ्यात लहान वर्गातला, आणि एल-२५०१ हा कॉम्पॅक्ट, म्हणजे त्याच्या वरच्या वर्गातला. कागदावर दोघांच्या इंजिनांत दोन-तीन एचपीचाच फरक आहे. पण बीएक्सचं इंजिन ०.९ लिटरचं, ३२०० आरपीएमला ताकद देणारं, तर एलचं १.६ लिटरचं, २२०० आरपीएमला. बीएक्स साधारण साडेसहाशे किलोचा, एल त्याच्या जवळजवळ दुप्पट. लोडर हाताच्या पिनेशी बीएक्स सुमारे ३३५ किलो उचलतो, एल सुमारे ५१३ किलो. एचपी पाहून निवडणाऱ्याला हे दोन ट्रॅक्टर शेजारी शेजारी वाटतील, झाडीत मात्र ते दोन वेगळ्या कामांचे आहेत. उलट बाजूनेही तेच दिसतं. एल-२५०१, एल-३३०१ आणि एल-३९०१ यांचा सांगाडा आणि लोडर जवळपास एकच आहे. २५ वरून ३७ एचपीवर गेलात तरी ओंडका उचलण्याची ताकद किलोभरानेही वाढत नाही. वाढतो तो चिपर, म्हणजे फांद्यांचा चुरा करणारं यंत्र, आणि झुडूपकटर चालवायचा जोर. ते अवजार घ्यायचं नसेल तर वरच्या एचपीचे पैसे वाया जातात.

आधी ओंडका मोजा, मग वाट

शोरूममध्ये जाण्याआधी टेप घेऊन स्वतःच्या झाडीत जावं. तुमच्याकडे जी झाडं खरोखर पडतात किंवा तुम्ही पाडणार आहात, त्यांच्या बुंध्याचा व्यास मोजा. ओल्या लाकडाचं वजन दर घनमीटरला हजार किलोच्या आसपास धरलं तर हिशेब सोपा होतो: व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले ०.८, गुणिले लांबी, गुणिले हजार. ३० सेंटिमीटर जाडीचा तीन मीटरचा ओंडका सुमारे २१० किलो भरतो. ४० सेंटिमीटरचा ३८० किलो. ५० सेंटिमीटरचा ६०० किलोच्या घरात. व्यास दुप्पट झाला की वजन चौपट होतं, आणि इथेच डोळ्याचा अंदाज फसतो. उभं असताना मध्यम वाटणारं झाड आडवं पडल्यावर लोडरला हलत नाही.

आता हे आकडे लोडरच्या आकड्यांशेजारी ठेवा. पण माहितीपत्रकातला आकडा जसाच्या तसा घेऊ नका. तो बहुतेक वेळा बकेट जिथे जोडते त्या पिनेशी मोजलेला असतो. ओंडका असतो काट्यांवर, म्हणजे बकेटऐवजी लावायच्या दोन आडव्या लोखंडी दांड्यांवर, पिनेच्या अर्धा मीटर पुढे. तेवढ्या अंतराने क्षमता पाव भागाने तरी उतरते. शिवाय काटे आणि त्यांची चौकट यांचं वजन त्यातूनच वजा. पिनेशी ५१३ किलो उचलणाऱ्या लोडरकडून काट्यांवर तीनशे किलोच्या आसपासच अपेक्षा ठेवावी. ३३५ किलोवाल्याकडून दोनशेची. म्हणजे ३० सेंटिमीटरचा तीन मीटरचा ओंडका सब-कॉम्पॅक्टच्या हद्दीवर येतो आणि ४० सेंटिमीटरचा हद्दीबाहेर जातो. तो कापून अर्धा करून न्यावा लागेल. सरपणच करायचं असेल तर त्यात काही नुकसान नाही. फळ्या पाडायच्या असतील तर मात्र लांबी हवी, आणि मग ट्रॅक्टर मोठा हवा.

लोडरला ग्रॅपल, म्हणजे वरून पकडणारा पंजा, लावायचा विचार असेल तर त्याचंही वजन आधी विचारा. मध्यम पंजा शंभर-दीडशे किलोचा सहज असतो. सब-कॉम्पॅक्टवर तो लावला की फांद्यांचे भारे उचलण्याइतपतच क्षमता उरते. त्या कामासाठी पंजा उत्तम आहे यात शंका नाही, काटेरी झुडपांचा ढीग हाताने ओढण्यापेक्षा कितीतरी बरा. पण तो चालवायला लोडरवर तिसरी हायड्रॉलिक लाइन लागते आणि ती बऱ्याच ट्रॅक्टरांवर मूळची येत नाही. खरेदीच्या वेळीच बसवून घ्यावी. नंतर बसवताना नळ्यांचा मार्ग शोधण्यातच डोकेदुखी होते.

वाटेचं मोजमापही असंच. ट्रॅक्टरची रुंदी मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत धरा आणि दोन्ही बाजूंना किमान ३० सेंटिमीटर मोकळे सोडा. सव्वा मीटरहून थोडा कमी रुंद असलेला सब-कॉम्पॅक्ट १.८ मीटरच्या वाटेने आरामात जातो. १.४ मीटर रुंद कॉम्पॅक्टला दोन मीटर लागतात. शेतीचा ५० एचपी ट्रॅक्टर १.८ मीटरच्या आसपास रुंद, त्याला अडीच मीटर. सरळ वाटेवर हे पुरतं. वळणावर मागे ओढलेला ओंडका आतल्या बाजूला कापत येतो आणि तिथे उभं असलेलं झाड सोलून काढतो. तीन मीटरहून लांब ओंडके आणायचे असतील तर वळणाशी एक-दीड मीटर जास्तीची जागा धरावी, नाहीतर वळणाच्या आतल्या झाडाशी एक जाड ओंडका आडवा रचून ठेवावा म्हणजे घासणं त्यावर येतं. उंचीही मोजा. उलटण्यापासून वाचवणारी लोखंडी कमान, रॉप्स, उभी असताना कॉम्पॅक्टची उंची सव्वादोन ते अडीच मीटर होते. फांद्या त्याहून वर छाटता येत नसतील तर रोज कमान दुमडावी लागेल, आणि ते या यंत्राचं सगळ्यात धोकादायक वापरणं आहे. त्याबद्दल पुढे.

सब-कॉम्पॅक्ट: १८ ते २५ एचपी

बीएक्स मालिका किंवा जॉन डिअरचा १०२५आर हे या वर्गाचे ओळखीचे चेहरे. झाडांमधून वळायला यांच्यासारखे दुसरे नाहीत. वजन कमी म्हणून मुळांवर दाब कमी, आणि घराजवळचं गवत कापण्यापासून खडी पसरण्यापर्यंत हलकी कामं एकाच यंत्राने होतात. दोन-चार एकर झाडी, सपाट जमीन, ३० सेंटिमीटरच्या आतली झाडं, असं असेल तर याहून मोठं घ्यायचं कारण नाही.

अडचण जमिनीपासूनच्या उंचीत आहे. हा वर्ग मुळात पोटाखाली गवतकटर लावण्यासाठी आखलेला. पोट खाली, चाकं लहान. कापलेल्या झुडपाचा दहा सेंटिमीटरचा खुंट दिसला नाही की तो थेट हायड्रॉलिक तेलाच्या फिल्टरला किंवा ट्रान्समिशनच्या पंख्याला लागतो. लहान चाक पडलेल्या खोडावरून चढत नाही, त्याला ढकलत बसतं. मागची थ्री-पॉइंट जोडणी, म्हणजे अवजार तीन ठिकाणी धरून उचलणारे हात, बहुधा कॅटेगरी-१ या ठरलेल्या मापाची असते, पण मर्यादित स्वरूपाची: हात आखूड, उचल कमी. बाजारात मिळणारी प्रत्येक कॅटेगरी-१ ची वस्तू तिला पेलत नाही. या वर्गाचा ट्रॅक्टर झाडीत वापरायचाच तर पोटाखाली तीन-चार मिलिमीटरच्या पोलादी पत्र्याचं कवच पहिल्याच आठवड्यात बसवावं, फिल्टरच्या जागी झाकण काढता येईल अशी खिडकी ठेवून. तेलाचा निचरा करायच्या बोल्टखालीही भोक हवं.

कॉम्पॅक्ट: २५ ते ४० एचपी, हजार ते चौदाशे किलो

लहान झाडीच्या जमिनीला हाच आकार सर्वांत जास्त वेळा बरोबर बसतो, असं आमचं ठाम मत आहे. पोट जमिनीपासून ३० सेंटिमीटरच्या आसपास वर, मागची चाकं मोठी, थ्री-पॉइंट पूर्ण कॅटेगरी-१, म्हणजे खालच्या हातांच्या पिना २२ मिलिमीटरच्या आणि टॉप लिंकची, म्हणजे वरच्या मधल्या दांड्याची, १९ मिलिमीटरची. अवजारं जगभर याच मापाची सर्वाधिक बनतात. लोडर, चालक आणि मागचं वजन धरून हा ट्रॅक्टर कामाला उभा राहतो तेव्हा १८०० ते २००० किलोचा होतो, आणि ओढण्याची ताकद तिथूनच येते.

ओढण्याचा हिशेब इथे मांडायलाच हवा. कोरड्या घट्ट जमिनीवर फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर साधारण स्वतःच्या वजनाच्या निम्मं ओढतो. पालापाचोळ्यावर किंवा ओलीत ते एक तृतीयांशावर येतं, चिखलात त्याहून खाली. सगळा जमिनीवर लोळणारा ओंडका ओढायला त्याच्या वजनाच्या निम्मा किंवा थोडा जास्त जोर लागतो. पुढचं टोक उचलून धरलं तर जोर बराच कमी होतो, आणि टोक मातीत रुतत नाही हा मोठा फायदा. चढ असेल तर दर दहा टक्के चढाला ट्रॅक्टर आणि ओंडका यांच्या एकत्र वजनाचा दहावा हिस्सा वाढवा. लोडर, चालक आणि मागचं वजन धरून हजार किलोचा सब-कॉम्पॅक्ट आणि ४०० किलोचा ओंडका असेल तर दहा टक्के चढावर जादा १४० किलो जोर. ओल्या पाल्यावर त्याच्याकडे एकूण तीनशे-साडेतीनशेच असतो. चाकं फिरतात, खड्डा पडतो, आणि दोष एचपीला दिला जातो. एचपी भरपूर शिल्लक असतो, कमी असतं ते वजन.

या वर्गात एक खाच आहे ती २५ एचपीच्या रेषेवर. १९ किलोवॅट, म्हणजे साधारण २५ एचपी, ओलांडलं की अमेरिका आणि युरोपातले धुराचे नियम कडक होतात. म्हणून तिथल्या बाजारासाठी बनलेल्या, त्या रेषेवरच्या डिझेल इंजिनांवर काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर सर्रास येतो. एल-२५०१ चं इंजिन २४.८ एचपीवर थांबवलेलं आहे ते यामुळेच. डीपीएफ ठरावीक तासांनी साठलेली काजळी जाळतो, तेव्हा फिल्टरच्या आतलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास जातं. वाळलेल्या पाचोळ्यात उभं राहून ते होऊ देणं म्हणजे आगीला आमंत्रण. जाळणं रोखून धरण्याचं बटण असतं, पण सारखं रोखलं की फिल्टर तुंबतो आणि इंजिन स्वतःची ताकद कमी करून घेतं. शिवाय डीपीएफला भार आणि वेग हवा असतो. दहा मिनिटं चालवून बंद, पुन्हा दहा मिनिटं, असं सरपणाचं काम त्याला मानवत नाही. चिपर नसेल तर झाडीसाठी २५च्या आतला, जड सांगाड्याचा ट्रॅक्टर हीच जास्त शहाणपणाची निवड.

४५ एचपीच्या वर

दोन ते अडीच टनांचा युटिलिटी ट्रॅक्टर लहान जमिनीवर तेव्हाच घ्यावा, जेव्हा अर्धा मीटर जाडीचे लांब ओंडके नेहमी बाहेर काढायचे आहेत, किंवा झाडीशिवाय मोठं शेतही आहे. ताकदीचा प्रश्न नाही, प्रश्न झाडांचा आहे. झाडाची अन्न-पाणी घेणारी बहुतेक बारीक मुळं जमिनीच्या वरच्या ३० ते ४५ सेंटिमीटरमध्ये असतात. ओल्या मातीवरून एवढं वजन दोन-तीन वेळा गेलं की मातीतली पोकळी दबते, मुळांना हवा मिळत नाही, आणि शेंडे वाळायला लागतात ते दोन-चार वर्षांनी. तोवर कारण कोणाच्या ध्यानातही राहत नाही. रुंद वाटांसाठी झाडं तोडावी लागतात ती वेगळीच. जी झाडी राखण्यासाठी यंत्र आणलं, तीच यंत्रासाठी कमी करणं पटत नाही.

मोठ्या ट्रॅक्टरऐवजी कॉम्पॅक्टला थ्री-पॉइंटवरचा विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओझं खेचणारं यंत्र, लावणं हा आमच्या मते या सगळ्यातला सर्वोत्तम पर्याय आहे. पीटीओवर चालणारा तीन टन ओढीचा विंच २० ते ३० एचपीच्या ट्रॅक्टरवर चालतो. त्याचं स्वतःचं वजन दोनशे किलोच्या आसपास. त्याच्या मागच्या फाळाने जमिनीत रोवून घ्यायचं आणि ४०-५० मीटरवरचा ओंडका दोराने खेचून वाटेवर आणायचा. ट्रॅक्टर वाट सोडतच नाही. मुळं वाचतात, ओल्यात रुतणं वाचतं, आणि उतारावर उतरण्याचा धोकाही टळतो. दोर ताणला असताना त्याच्या रेषेत किंवा कोनाच्या आतल्या बाजूला कोणीही उभं राहायचं नाही. विंचवरची, चालकाच्या पाठीमागची जाळी काढून ठेवणारे लोक असतात, त्यांनी ती परत लावावी.

बागांसाठी बनवलेले अरुंद ट्रॅक्टर हा चौथा पर्याय. इटलीच्या अँटोनिओ कारारोसारख्या कंपन्यांचे चारही चाकं सारखी असलेले, मधून वळणारे ट्रॅक्टर झाडांच्या ओळींत फार सुंदर चालतात. पण अरुंद यंत्र आडव्या उतारावर लवकर कलंडतं, आणि लोडर हा त्यांचा मूळ धर्म नव्हे. सपाट जमीन आणि ओळीतली लागवड असेल तर जरूर पाहावेत.

एचपी कुठे मोजायचा

झुडूपकटरला, म्हणजे मागे लावायच्या फिरत्या पात्याच्या यंत्राला, दर फूट रुंदीला साधारण पाच पीटीओ एचपी धरतात. चार फुटी कटरला वीस. हलक्या बांध्याचा कटर अडीच सेंटिमीटर जाडीचं झुडूप मारतो, जड बांध्याचा पाच सेंटिमीटरचं. त्याहून जाड असेल तर करवत. ट्रॅक्टर चढवून, झुडूप वाकवून कटरखाली घालणारे पात्याचा बोल्ट नाहीतर गिअरबॉक्सचं सील घालवून बसतात. संरक्षणासाठी शिअर बोल्टपेक्षा, म्हणजे जास्त भार आला की तुटणाऱ्या बोल्टपेक्षा, स्लिप क्लच, म्हणजे भार आला की घसरणारा क्लच, घ्यावा. झाडीत खुंटाला पातं दिवसातून अनेकदा लागतं आणि दर वेळी बोल्ट बदलणं जिकिरीचं. पण स्लिप क्लच वर्षभर पडून राहिला की त्याच्या चकत्या गंजून चिकटतात आणि तो घसरतच नाही. हंगामाच्या सुरुवातीला त्याचे नट सैल करून, क्षणभर फिरवून, पुन्हा ठरलेल्या मापावर आवळावेत.

जुन्या किंवा साध्या ट्रॅक्टरवर पीटीओ ट्रान्समिशनमधूनच चालत असेल तर आणखी एक धोका आहे. क्लच दाबला तरी जड पात्यांची गती शाफ्टमार्गे चाकांना ढकलत राहते आणि ट्रॅक्टर थांबत नाही. झाडांमध्ये दोन मीटरही महाग पडतात. अशा ट्रॅक्टरवर ओव्हररनिंग क्लच, म्हणजे पात्यांची गती उलट ट्रॅक्टरकडे येऊ न देणारा क्लच, बसवल्याशिवाय कटर लावू नये. स्वतंत्र पीटीओवाल्याला तो लागत नाही.

पीटीओ शाफ्ट मापात कापण्याकडे फार दुर्लक्ष होतं. अवजार सगळ्यात जवळ येतं त्या स्थितीत शाफ्टच्या दोन नळ्यांमध्ये किमान २५ मिलिमीटर मोकळी जागा राहावी, आणि सगळ्यात लांब जातं तेव्हा नळ्या किमान एक तृतीयांश एकमेकींत असाव्यात. लांब राहिला तर अवजार उचलताना तो टेकतो आणि ट्रॅक्टरच्या पीटीओ बेअरिंगला ढोसतो. दुरुस्ती ट्रान्समिशन उघडून.

चिपर मात्र खरोखर एचपी खातो. दहा सेंटिमीटर जाडीपर्यंतच्या चिपरला २० पीटीओ एचपी हा कामचलाऊ आकडा. ओलं कठीण लाकूड सतत घालायचं तर ३० हवेत. इथेच एल-३९०१ सारख्याला अर्थ आहे, कारण त्याच सांगाड्यात पीटीओला तीसच्या आसपास मिळतात. एचपी कमी असेल तर हायड्रॉलिक रोलरने फांदी आत घेणारा आणि वेग पडला की रोलर आपोआप थांबवणारा चिपर घ्यावा. इंजिन दमलं की तो वाट पाहतो. नुसत्या उताराने फांदी आत जाणारे चिपर कमी ताकदीवर तुंबतात, आणि तुंबलेला रोटर मोकळा करायला अर्धा तास जातो.

लाकूडफाड्याला, म्हणजे हायड्रॉलिक स्प्लिटरला, एचपीपेक्षा तेलाचा प्रवाह लागतो. दहा सेंटिमीटर व्यासाच्या आणि साठ सेंटिमीटर लांब सिलिंडरला एका धावेला पावणेपाच लिटर तेल लागतं. मिनिटाला २० लिटर प्रवाह असेल तर पुढे जायलाच चौदा सेकंद. माहितीपत्रकात पंपाचा एकूण आकडा देतात, त्यातला काही भाग स्टिअरिंगला जातो. अवजाराला मिळणारा प्रवाह वेगळा विचारावा.

हायड्रोस्टॅटिक की गिअर

झाडीत हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअर न बदलता तेलाच्या दाबावर चालणारं ट्रान्समिशन. पुढे-मागे, इंचभर सरकणं, पायाच्या दाबावर. लोडरने ओंडक्याखाली काटे घालताना याचं मोल कळतं. त्यासाठी पीटीओचा एक-दीड एचपी जातो (एल-२५०१ मध्ये गिअरला २०.५, हायड्रोस्टॅटिकला १९) आणि तो सोडून द्यावा. एक काळजी घ्यायची: तेल थंड ठेवणाऱ्या पंख्यात आणि रेडिएटरच्या जाळीत पाचोळा भरतो. झुडूपकटर चालताना जाळी तासाभराने हाताने साफ करावी. तापमानाचा काटा चढायला लागला की जाळी आधीच झाकलेली असते.

टायर, मागचं वजन आणि ब्रेक

टायरमध्ये दोन पर्याय: खोल दात्यांचे शेतीचे आर-१ आणि आखूड, जाड दात्यांचे आर-४. चिखल आणि ओला पाला जास्त असेल तर आर-१ ची पकड चांगली. खुंट आणि काटे जास्त असतील तर आर-४ च्या बाजू जाड, थर जास्त. हिरवळीचे आर-३ झाडीत निरुपयोगी. मागच्या टायरांत पाणी तीन चतुर्थांश भरावं, म्हणजे वॉल्व्ह सगळ्यात वर असताना त्याच्या पातळीपर्यंत. गोठणारी थंडी असेल तिथे न गोठणारं द्रव. त्यातलं कॅल्शियम क्लोराइड सर्वांत जड पण रिम गंजवतं, ट्यूबशिवाय घालू नये. वॉल्व्हच्या दांड्याला लोखंडी कवच वेल्ड करून घ्यावं. फांदी चाकात अडकली की पहिल्यांदा तोच तुटतो.

लोडर असेल तर मागे वजन हवंच. पुढे तीनशे किलो उचललं की पुढचा अॅक्सल टेकू बनतो, मागची चाकं हलकी होतात. कॉम्पॅक्टला थ्री-पॉइंटवर ३०० ते ४०० किलोची काँक्रीटची पेटी, सब-कॉम्पॅक्टला २०० च्या आसपास. मॅन्युअलमधला आकडा शेवटचा. वजन न लावता लोडर वापरल्याने पुढच्या अॅक्सलचे बेअरिंग आणि सील जातात, आणि हे वॉरंटीत बसत नाही.

याहून गंभीर गोष्ट ब्रेकची. बहुतेक कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. उतारावर पुढे ओंडका, मागे वजन नाही, टू-व्हीलमध्ये ट्रॅक्टर, मागची चाकं उचलली गेली की ब्रेक दाबून काहीच होत नाही, ट्रॅक्टर मोकळा सुटतो. फोर-व्हील गुंतवलेलं असेल तर ब्रेकचा परिणाम पुढच्या चाकांपर्यंत पोचतो. म्हणून उतरताना फोर-व्हील, खालचा गिअर, आणि ओंडका जमिनीपासून वीतभर उंचीवर. वळणं टाळायची, उताराला आडवं जायचं नाही.

साखळी कुठे बांधायची

फक्त ड्रॉबारला, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे खाली असलेल्या ओढपट्टीला, किंवा त्यासाठी बनवलेल्या, खाली राहणाऱ्या पट्टीला. टॉप लिंकच्या खुंटीला कधीही नाही, सीटमागच्या कमानीला तर नाहीच. ओढीचा बिंदू मागच्या अॅक्सलपेक्षा वर गेला आणि ओंडका मुळाला अडकला, तर चाकं फिरायची थांबतात आणि ट्रॅक्टर स्वतःच अॅक्सलभोवती वर उठतो. पुढची चाकं उचलल्यापासून उलटणं थांबवता न येण्याच्या टप्प्यापर्यंत पाऊण सेकंदाच्या आसपासच वेळ असतो. क्लचवर पाय पोचायच्या आत. त्याच कारणाने खुंट उपटायला झटका देऊन ओढू नये. बुडखा लहान ट्रॅक्टरने उपटला जात नाही, मुळं खणून, कापून सोडवावा लागतो.

रॉप्स उभी असेल तर सीटबेल्ट लावायचा. ती दुमडलेली असेल तर लावायचा नाही, कारण उलटताना बेल्ट माणसाला यंत्राखाली धरून ठेवतो. पण दुमडण्याची सवयच नको, फांद्या छाटाव्यात. वरून पडणाऱ्या वाळक्या फांद्यांसाठी नुसती कमान पुरत नाही, डोक्यावर छत हवं, तेही वस्तू पडण्यापासून वाचवण्यासाठी प्रमाणित केलेलं. उन्हाचं प्लास्टिकचं छत या कामाचं नाही. आणि उभी वाळलेली झाडं ट्रॅक्टरने ढकलून पाडायची नाहीत. ढकलताना शेंड्याकडचा तुकडा तुटून चालकाकडेच येतो.

घेण्याआधी चालवून पाहताना

विक्रेत्याकडे नुसता फेरफटका मारण्यात अर्थ नाही. बकेटमध्ये वजन भरून लोडर पूर्ण वर न्या आणि तिथे पाच मिनिटं सोडा, किती खाली येतो पाहा. बकेटची रुंदी मागच्या चाकांइतकी आहे ना, नाहीतर वाट साफ करताना चाकं न झाडलेल्या जागेवरून जातील. पोटाखाली वाकून पाहा: नळ्या, फिल्टर, डिझेल टाकीचा तळ, यांतलं काय काय उघडं आहे. थ्री-पॉइंटची उचल हातांच्या टोकाशी दिली आहे की ६१ सेंटिमीटर मागे, हे विचारा. दुसरा आकडाच कामाचा, कारण अवजाराचं वजन तिथे असतं. जुना ट्रॅक्टर असेल तर पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ शोधा. तारा आणि वेली गुंडाळून सील फाटलेली असतात. लोडरच्या पिना हाताने हलवून बघा, लंबगोल झालेली भोकं लपत नाहीत. तास मोजणारं मीटर कमी दाखवत असेल आणि पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालं असेल, तर पेडलवर विश्वास ठेवा.